अर्धा ठोका

एक

मकारनं हात पुढे केला. रिम्मानं उजवा हातमोजा दातांनी ओढून काढला, जॅकेटच्या खिशात कोंबला आणि आपला तळवा त्याच्या तळव्यावर ठेवला. त्याचा हात कोरडा होता आणि गरम. तिच्या आधीच्या जोडीदाराचा, तिखोनचा, हात कायम गार असायचा. पंधरा वर्षं गार हात धरलेल्या बाईला हा हात तापलेल्या माणसाचा वाटला आणि तिनं नकळत त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वीस वर्षांचा मुलगा होता. ताप वगैरे काही नव्हता. भूक लागल्यासारखा दिसत होता, इतकंच.

"कठड्यापासून सुरू करा," मकारचे प्रशिक्षक वदिम ल्वोविच म्हणाले. "साधे फेरे. मला भारी काही दाखवू नका. दोघांना बरोबर चालता येतंय का, तेवढं बघायचंय."

ते बर्फाच्या रिंकच्या कठड्याला पोट टेकवून उभे होते आणि सूर्यफुलाच्या बिया सोलत होते. त्यांच्यामागे काचेपलीकडे तीन मुली बसल्या होत्या. तिघींच्या केसांचा अंबाडा घट्ट, पाठ ताठ, शेजारी आई. सगळ्यात मोठी सतरा वर्षांची असावी. रिम्मा तेवीस वर्षांची होती.

बर्फावर जोडीनं नाचणाऱ्यांच्या जगात मुली पोत्यानं मिळतात आणि मुलगे चिमटीनं. हे वाक्य तिच्या प्रशिक्षिका नीनेल अर्काद्येव्ना यांचं. पेर्म शहरातल्या रिंकवर गेली चाळीस वर्षं त्या ते प्रत्येक मुलीला ऐकवत आल्या होत्या. नोव्हेंबरात तिखोन दुसऱ्या देशाकडून खेळायला निघून गेला, तेव्हा त्यांनी वहीत पाच मुलांची नावं लिहून दिली होती. वसंत सुरू झाला तशी रिम्मा एकेका नावामागे गाडी पकडत गेली. पहिला तिच्यापेक्षा दोन बोटं बुटका निघाला. दुसऱ्याच्या आईनं तिचा जन्मदाखला मागितला आणि वाचून न बोलता परत दिला. तिसऱ्यानं चाचणीच्या दुसऱ्या दिवशी खेळच सोडला. चौथ्यानं शेजारच्या रिंकवरची मुलगी निवडली, बातमी रिम्माला त्या मुलीच्या मावशीकडून कळली. मकार पाचवा. मॉस्कोबाहेरच्या या रिंकवर तिला तीन दिवस मिळाले होते. सहावं नाव वहीत नव्हतं.

दोघं निघाले. पहिल्या वळणावरच तिच्या ब्लेडची धार बर्फात खोल बसली आणि आवाज आला नाही, कसलेल्या पायाचा येत नाही तसा. वदिम ल्वोविच यांचं बिया सोलणं थांबलं. दुसऱ्या फेरीत मकारनं वेग वाढवला, ती त्याच्या खांद्याला सावलीसारखी चिकटून राहिली. काचेपलीकडे एका आईनं मुलीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मुलीनं मान खाली घातली. रिम्माला हे सगळं दिसत होतं.

मग नाचाचं संगीत लावलं.

या खेळात उंच उड्या नसतात, बाईला डोक्यावर उचलून फेकणं नसतं. दोन माणसं एका ठोक्यावर एक होतात की नाही, त्यावर सगळा संसार. चौथ्या मात्रेला पाय बदलायचा होता. मकारचा पाय बदलला. रिम्माचा बदलला. पण दोन्हींच्या मध्ये केसभर जागा उरली आणि त्या जागेत दोघांच्या धरलेल्या हातांना एक बारीकसा हिसका बसला.

"काय झालं?" मकारनं विचारलं.

"काही नाही."

पुन्हा सुरुवात. पुन्हा चौथी मात्रा, पुन्हा तोच हिसका. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मकार हसला. वाईट हसणं नव्हतं ते.

"मी ट्राम नाहीये," तो म्हणाला. "थांब्यावर उभं राहून वाट बघू नकोस. मी आलेलोच आहे."

"माझी आई ट्राम चालवते," रिम्मा म्हणाली.

"मग घरचीच सवय."

तीही हसली. हसताना तिनं हातमोजा खिशातून काढला, पुन्हा खिशात घातला. आपण कशामुळे थांबतो ते तिला चांगलं ठाऊक होतं. जुनी गोष्ट होती. चांगली गोष्ट होती. दोन-तीन दिवसांत जाईल, असं तिनं धरून चाललं होतं.


आणि

ती आठ वर्षांची. तिखोन नऊचा. जोडी लावून तीन आठवडे झालेले.

त्यानं तिच्या पोटरीवर बुटानं लाथ घातली होती. तिनं त्याच्या मनगटाला चावा घेतला होता. दोघंही एकच वाक्य ओरडत होते: चूक हिची, चूक ह्याची.

नीनेल अर्काद्येव्नांनी तिला बर्फ गुळगुळीत करणाऱ्या यंत्रामागे नेलं. खाली वाकल्या. त्यांच्या शालीला कापराचा वास होता.

"ऐक, रिम्का. तिखोनचा कान उशिरा उघडतो. देवानंच तसा दिला. त्याला कळू देऊ नकोस, मुलगा आहे, मोडून पडेल. तू शहाणी आहेस. पाय बदलताना अर्धा ठोका थांब. सांभाळून घे त्याला."

एक, आणि, दोन, आणि. त्या "आणि"मध्ये थांबायचं.

ती परत बर्फावर गेली तेव्हा आपली उंची वाढल्यासारखं तिला वाटत होतं. तिनं तिखोनचा चावलेला हात हळूच धरला. त्यानंही, काय आश्चर्य, हळूच धरला.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. पंधरा वर्षं.


दोन

दुसऱ्या दिवशी दुपारी वदिम ल्वोविच यांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याची किटली आणि भिंतीभर जुन्या जोड्यांचे फोटो. प्रत्येक फोटोत मुलगी हसत होती आणि मुलगा मुलीकडे पाहत होता. त्यांनी चहा ओतला, लिंबाची चकती टाकली आणि मोबाइल तिच्यापुढे उभा केला.

सकाळचा सराव त्यांनी टिपला होता. तो त्यांनी अगदी सावकाश चालवून दाखवला. इतक्या संथ गतीत सगळं दिसतं. मकारचा पाय संगीतावर पडत होता. तिचा हवेत अडकून राहत होता. तिचा चेहरा त्या क्षणी फार प्रेमळ दिसत होता, लहान मुलाला रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईसारखा. तिला स्वतःकडे बघवेना.

"पोरी, ब्लेडच्या कडांवर तुझ्यासारखा ताबा मी दहा वर्षांत पाहिला नाही," ते म्हणाले. "खोटं नाही सांगत. गुडघे, मान, पाठ, सगळं आहे. पण तू वाट बघतेस. कोणाची बघतेस?"

तिनं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होती, म्हणून शब्द अडखळत आले. आपल्या जोडीदाराचा दोष होता. लहानपणापासूनचा. त्याला कधी कळू दिला नाही. त्याच्यासाठी पाय थोडा धरून ठेवायची सवय लागली. आता तो नाही, सवय राहिली. सांगताना तिच्या आवाजात एक मऊपणा आला, दानधर्माबद्दल बोलताना माणसाच्या आवाजात येतो तसा. तिला तो ऐकू आला आणि तिनं बोलणं आवरतं घेतलं.

वदिम ल्वोविच यांनी पेला खाली ठेवला.

"तुझा तिखोन इथं येऊन गेलाय," ते म्हणाले. "ऑक्टोबरात. बाहेरचं ठरायच्या आधी. आमच्याकडच्या एका मुलीबरोबर बघितलं होतं त्याला."

तिला हे माहीत नव्हतं. ऑक्टोबरात ती आणि तिखोन रोज सकाळी सातला बर्फावर असायचे. मधे चार दिवस तो आजीला बघायला म्हणून गेला होता.

"मुलगा चांगला. पण असाच थांबायचा. ह्याच जागी. मी विचारलं, बाबा रे, कोणाची वाट बघतोस? तर म्हणाला," इथं ते जरा घुटमळले, मग गंमत म्हणून सांगावं तसं सांगून टाकलं, "म्हणाला, काय करू, रिम्माचा कान उशिरा उघडतो. पंधरा वर्षं सांभाळून घेतलंय, आता सवय जात नाही. मला वाटलं, तुमच्या पेर्ममध्ये कानांची साथ आली होती की काय."

रिम्मानं चमचा घेतला आणि पेल्यातली लिंबाची चकती तळाशी दाबली. पुन्हा दाबली. साल फाटेपर्यंत दाबत राहिली.

कान उशिरा उघडतो, असं कुणी म्हणत नाही. पेर्ममध्ये नाही, मॉस्कोत नाही. असं बोलणारं एकच माणूस तिच्या ओळखीचं होतं.

"उद्याचा दिवस आहे अजून," वदिम ल्वोविच म्हणाले. "उद्या वाट बघू नकोस."


आणि

नोव्हेंबर. रिंकमागचं आवार. तिखोन तिच्या केसांच्या पिना परत देतोय. पंधरा वर्षांत त्याच्या पिशवीत तिच्या किती पिना साठल्या होत्या, मूठभर.

तो म्हणतो, "रिम, माझा तुझ्यावर राग नाही. खरंच नाही."

ती मनात म्हणते: कशाचा राग? सोडून तू चाललास. निर्लज्ज.

सातवे. सातवे. आठवे. सातवे.

देशातल्या मोठ्या स्पर्धेतले त्यांचे क्रमांक. सहाव्याला परदेशी स्पर्धेला पाठवतात, कधीमधी. सातव्याला टाळ्या. गुणपत्रकात दर वर्षी एकाच रकान्यात गुण कमी पडायचे: तालाच्या. परीक्षक म्हणायचे, जोडी सुंदर आहे, एकमेकांशी पक्की आहे, पण गाण्याच्या मागे चालते.

गुणांची वाट बघत बाकावर बसल्यावर ती त्याचा खांदा दाबायची. म्हणजे: असू दे, तुझी चूक असली तरी मी आहे.

आणि तो तिचा खांदा दाबायचा.


तीन

तिसऱ्या दिवशी तिनं वाट बघितली नाही.

आदल्या संध्याकाळी वसतिगृहाच्या खोलीत दाराची चौकट धरून ती तीन तास पाय बदलत राहिली होती. एक, दोन, तीन, चार. मधलं "आणि" तिनं तोंडातून काढून टाकलं. खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन विचारून गेली, खिळे ठोकतेस का? रिम्मानं माफी मागितली, पायमोजे घातले, पुन्हा सुरू केलं.

बर्फावर मकारनं हात पुढे केला. संगीत लागलं. पहिली मात्रा, दुसरी, तिसरी. चौथी येताना तिला जाणवलं, आपल्या उजव्या पायाला चौथी ऐकूच येत नाही. त्याला चौथीच्या पुढची बारीक फट ऐकू येते, तिथंच तो राहतो, तेच त्याचं घर. तेव्हा तिनं पायाला ढकललं. विश्वास नसलेल्या पायाला ढकललं की तो घाई करतो. तो चौथीच्या आधीच निघाला.

ब्लेडवर ब्लेड आलं. मकार गुडघ्यावर पडला, ती त्याच्या अंगावर. संगीत आपलं वाजत राहिलं. मकारची पँट नडगीवर फाटली होती आणि आतून रक्त येत होतं, फार नाही. तो म्हणाला, काही नाही, काही नाही, आणि उठून उभा राहिला. पण उभा राहिला तो तिच्यापासून हातभर लांब, आणि पुढच्या वेळी हात देताना त्याची बोटं क्षणभर आखडली. जोडीतल्या माणसाला ते पुरतं.

अकरा वाजता वदिम ल्वोविच यांनी संगीत बंद केलं. तिला बाजूला घेऊन ते हळू आवाजात बोलले. वाईट एक शब्द बोलले नाहीत. सोळाची असतीस तर दोन वर्षं घालून ही सवय काढून टाकली असती, म्हणाले. तेवीसला दोन वर्षं म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. मग त्यांनी खिशातून दोन सफरचंदं काढली, प्रवासाला घे म्हणाले, आणि ती घेईपर्यंत हात तसाच धरून ठेवला.

दारात तिला सतरा वर्षांची ती मुलगी भेटली. मुलगी भिंतीला लागून उभी राहिली, तिला वाट दिली आणि "नमस्कार" म्हणाली. वयानं मोठ्या बाईला म्हणतात तसं.


चार

"हो, मीच सांगितलं होतं," नीनेल अर्काद्येव्ना म्हणाल्या. "दोघांनाही. त्यात काय?"

पेर्मच्या रिंकवर सकाळचे दहा वाजले होते. त्या कठड्याशी आपल्या घडीच्या स्टुलावर बसल्या होत्या, पायांत लोकरी नमद्याचे जाड बूट, मांडीवर शाल. हातात ब्लेडवर चढवायचं प्लॅस्टिकचं म्यान होतं, निम्मं तुटलेलं. त्यानं त्या कठड्यावर ठोके द्यायच्या. तेच म्यान रिम्मा आठ वर्षांची असल्यापासून बघत होती. आता एक लहान जोडी बर्फावर होती आणि ठोके पडत होते. बोलताना त्या ठोके चुकवत नव्हत्या.

रिम्मा गाडीतून उतरून थेट आली होती. पिशवी तिच्या पायाशी होती. तिनं जे विचारायचं ठरवलं होतं त्यातलं निम्मं ती विसरली होती.

"तुम्ही एकमेकांची नरडी धरत होता," नीनेल अर्काद्येव्ना म्हणाल्या. "रोज. तुझी आई म्हणत होती काढून घेते मुलीला. त्याचा बाप म्हणत होता, हॉकीला घालतो. मुलगा हॉकीला गेला की परत येत नाही. मग मी काय करायचं? दुबळ्या माणसावर कोणी ओरडत नाही, रिम्का. म्हणून मी दोघांना दुबळं केलं. एका दिवसात गप्प झालात. पुढं पंधरा वर्षं बर्फावर तुमचं एकदाही भांडण झालं नाही. दाखव मला दुसरी अशी जोडी."

"आम्ही सातवे येत होतो."

"सातवे म्हणजे वाईट?"

"तालात मार खात होतो. दर वर्षी. तुम्ही गुणपत्रक वाचत होतात."

ठोके एक मात्रा थांबले. मग पुन्हा सुरू झाले.

"मला वाटलं नव्हतं, तुम्ही इतकी टिकाल," नीनेल अर्काद्येव्ना म्हणाल्या. "दोन हिवाळे, फार तर तीन, असं धरलं होतं. टिकलात. मग म्हटलं, यंदाची स्पर्धा होऊ दे, सांगू. मग म्हटलं, चौदा वर्षांची आहे, वय नाजूक आहे, पुढच्या वर्षी सांगू. मग सगळं छान चाललं होतं. छान चाललेल्यात हात कशाला घाला?" त्यांनी शाल सारखी केली. "सांगायचं राहून गेलं."

रिम्मानं बर्फाकडे पाहिलं. छोटी मुलगी छोट्या मुलाला बाहीला धरून ओढत नेत होती आणि त्याच्या नाकातून पाणी गळत होतं.

"खरं कोण उशीर करायचं?"

"कोणीच नाही," नीनेल अर्काद्येव्ना म्हणाल्या. "दोघांचे कान सोन्याचे होते. म्हणून तर घेतलं होतं तुम्हाला."

मग म्हाताऱ्या बाईंनी, न बघताच, म्यान तिच्यापुढे केलं. माझे गुडघे आता या थंडीत ऐकत नाहीत, म्हणाल्या. लहान गट तू घे. पाच वाजता येतात. त्यात माफी किती होती आणि काम किती होतं, ते रिम्माला कळलं नाही. तिनं म्यान घेतलं, कारण ते पुढे आलेलं होतं.

उन्हाळा गेला. तिनं लहान गट घेतला. पोरं तिला मोठ्या माणसासारखं, वडिलांचं नाव जोडून, रिम्मा रुस्तामोव्ना म्हणू लागली, आणि पहिल्यांदा कुणी तशी हाक मारली तेव्हा तिनं मागे वळून पाहिलं, आपल्या मागे कोण उभं आहे म्हणून. आई आपल्या ट्राममधून तिला रिंकच्या थांब्यावर उतरवायची आणि काही विचारायची नाही. जुलैच्या मध्यापासून रिम्मा दुपारी जेवणाच्या वेळेत रिकाम्या बर्फावर एकटी जायची. तालयंत्र कठड्यावर ठेवून पाय बदलत राहायची. सप्टेंबर संपता संपता एके दिवशी पाय बरोबर पडला. सलग अकरा वेळा. अडीच महिन्यांत सवय सुटली होती. इतकं सोपं होतं ते. तिनं आजूबाजूला पाहिलं. बघायला कोणी नव्हतं आणि धरायला हात नव्हता. तिनं तालयंत्र बंद केलं. त्यानंतर तिनं ते पुन्हा लावलं नाही, आणि पाय आठवडाभरात आपल्या घरी परत गेला.

ऑक्टोबरात तिखोनची पहिली स्पर्धा संगणकावर दाखवत होते. प्रशिक्षकांच्या खोलीत सगळ्या बाया चहाचे पेले घेऊन दाटीवाटीनं बसल्या. बटाटा भरलेल्या पुऱ्या कुणीतरी घरून करून आणल्या होत्या. तिखोन आता हंगेरीकडून खेळत होता. नव्या मुलीचं नाव बोग्लार्का, एकोणीस वर्षांची, लांब मानेची, बर्फावर कुणी सोडून दिलेल्या पाखरासारखी. तिखोनचे केस कापलेले होते. तो बारीक झाला होता.

चौथ्या मात्रेला बोग्लार्काचा पाय पडला. तिखोनचा पडला नाही. मग पडला.

टेबलाखाली रिम्माचा पाय त्याच्याबरोबर पडला. अगदी बरोबर. मधे सुईचं टोक जाणार नाही इतकं.

"मुलगी घाई करते," कपडेपटाची बाई म्हणाली. "बघा, बघा, ओढत नेते त्याला. तरुण आहे. आमची रिम्मा कशी थांबून असायची."

सगळ्यांनी माना डोलावल्या. समालोचकही तेच म्हणत होता. नीनेल अर्काद्येव्ना पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या टेबलाखाली बघत होत्या. जोडी बारावी आली, पंधरात. बाया पेले विसळायला गेल्या तेव्हा म्हाताऱ्या बाई खुर्चीत तशाच बसून राहिल्या.

"त्याला कुणीतरी सांगायला हवं," त्या म्हणाल्या. "चोवीसचा आहे. पुरुषाला वेळ असतो. कळलं तर नाताळपर्यंत सुटेल, तुला माहीतच आहे."

एकटीच्या सरावाच्या वेळी म्हाताऱ्या बाई काचेमागून आपल्याला बघत होत्या, हे रिम्माला तेव्हा कळलं.

"माझं तो ऐकणार नाही," नीनेल अर्काद्येव्ना म्हणाल्या. "तुझं ऐकेल."

"सांगते," रिम्मा म्हणाली.


आणि

पाचला पाच मिनिटं कमी. ती बाकावर बसून बुटाची नाडी ओढत होती. पोरं आधीच बर्फावर उतरून एकमेकांना ढकलत होती. मांडीवरचा फोन थरथरला. तिखोन.

*पाहिलंस?*

*हो,* तिनं लिहिलं.

*रिम, तू खरं सांग. इथं जो तो वेगळं बोलतो. आमचं काय चुकतंय?*

तिनं नाडीची गाठ मारली. सोडली. पुन्हा मारली. मग लिहिलं: *तिखोन, कोणीच उशीर* आणि थांबली. ते वाक्य पुढे कसं जातं ते तिला माहीत होतं. ते पुढे गेलं असतं तर नाताळपर्यंत त्याचा पाय चौथ्या मात्रेवर पडला असता, त्या लांब मानेच्या मुलीच्या पायाबरोबर. मग जगात त्या फटीत थांबणारं एकच माणूस उरलं असतं.

तिनं एकेक अक्षर खोडलं. मग सावकाश, चुका न करता लिहिलं:

*ती घाई करते. तुझं बरोबर आहे. पोर आहे अजून, तिला कळू देऊ नकोस. तू सांभाळून घे.*

उत्तर लगेच आलं.

*वाटलंच होतं. तुझ्याइतकं मला कोणी ओळखत नाही.*

तिनं फोन हातमोज्यात गुंडाळून पिशवीत तळाशी ठेवला. बर्फावर उतरली. पोरं कठड्याशी जोड्यांनी उभी राहिली, हातात हात, नाकं लाल. तिनं म्यान उचललं आणि कठड्यावर आपटलं.

"एक," ती म्हणाली.

पोरं निघाली. मग तीही.